काळीज उजवीकडे असतं

फिजिऑलॉजीच्या पहिल्याच आठवड्यात माझी शोभा झाली. नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. मॅडमनी विचारलं, "मराठीत आपण काळीज म्हणतो, ते कुठे असतं?" मी ऐटीत छातीवर डावीकडे हात ठेवला. मॅडमनी प्लॅस्टिकच्या धडातून तपकिरी लिव्हर काढून माझ्या हातात दिलं. "हे काळीज. उजवीकडे, बरगड्यांखाली. मटणाच्या दुकानात कधी गेली नाहीस का?" आमचं घर माळकरी, मी ते दुकान लांबूनच पाहिलेलं. वर्ग खो खो हसला.

शिकलेलं माझ्या पोटात राहत नाही. रविवारी सायखेड्याला घरी गेले ती नवाकोरा स्टेथोस्कोप गळ्यात घालूनच. आई खुर्चीत बसून मेथी निवडत होती.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "काळजात लय धडधडतंय बघ हल्ली."

"आई, काळीज म्हणजे लिव्हर. ते धडधडत नाही. धडधडतं ते हृदय."

"बरं बाई, माझं लिव्हर धडधडतंय. झालं समाधान?"

पुस्तकातलं लब-डब खऱ्या माणसात ऐकायला मिळणार म्हणून मी हरखले होते. तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझं हसू मावळलं. निवांत मेथी निवडणाऱ्या बाईचं हृदय असं धावत नसतं, एवढं पहिल्या वर्षालाही कळतं. का धावतंय, ते मात्र कळत नव्हतं. मी भ्याले.

आई दवाखान्याचं नाव काढू देईना. "तिथं गेलं की काहीतरी निघतंच." मी रुसले, विनवलं, शेवटी म्हणाले, "मला शिकायला मिळेल गं." तेव्हा कुठे ती उठली. "तुझ्या अभ्यासासाठी येते हां. माझ्यासाठी नाय."

नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काय होतंय?"

"लिव्हर धडधडतंय," आई ठसक्यात म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

ईसीजी झाला, रक्त दिलं. रिपोर्टची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो. पुस्तकातले हृदयाचे सगळे आजार माझ्या डोक्यात रांगेने उभे होते. तिला धीर द्यावा म्हणून मी तिला स्वतःची नाडी कशी बघायची ते शिकवलं. अंगठ्याखाली, मनगटावर, दोन बोटं. तिने थोडा वेळ स्वतःची बघितली, मग सहज माझा हात ओढून घेतला.

तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. हृदय ठीक होतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्तीचं काम करत होती. गोळ्यांनी आटोक्यात येईल, म्हणाले. मी त्यांच्यासमोरच रडायला लागले.

आईची बोटं अजून माझ्या मनगटावरच होती.

"डॉक्टर, मला गोळ्या मागून द्या," ती म्हणाली. "आधी हिला बघा. हिचं काळीज लय पळतंय."