अंजूरच्या गोदामात तिसरी पेटी

मिरजेहून आम्ही पहाटे निघालो तेव्हा टेम्पोत बारा पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीत एक तंबोरा. परदेशातल्या एका संगीतशाळेने मागवलेले हे बारा नग वेळेवर आणि धड पोहोचले तर आमचा कारखाना चालणार होता. ते वाटेत अडकले किंवा परत आले तर गणपतीनंतर मी तो बंद करणार होतो. हे मी घरी कुणाला सांगितले नव्हते. चालकाशेजारी बसून मी प्रत्येक खड्ड्याला मागे वळून पाहत होतो. चालक अखेर म्हणाला, "काका, पेट्या तिथंच हायत. तुमची मान मात्र जाईल." मी हसलो, पण मान वळवणे थांबले नाही.

पुणे मागे पडले, घाट उतरलो, हवा दमट होत गेली. लाकूडकाम करणाऱ्या माणसाला दमट हवेची धास्तीच असते. भिवंडीच्या रस्त्याला लागलो तसे दोन्ही अंगांना कंटेनरची रांग सुरू झाली. एवढ्या मोठ्या, मुक्या, बंद पेट्यांच्या मधून आमचा टेम्पो सरकत होता आणि मला उगीचच वाटत होते की यांतल्या प्रत्येकात कुणाचे तरी माझ्यासारखेच काहीतरी अडकलेले असेल.

अंजूर हे खाडीकडचे गाव. भाताची खाचरे अजून आहेत, पण त्यांच्या बांधापर्यंत पत्र्याची गोदामे आलेली आहेत. आमचे गोदाम जनार्दन पाटलांचे. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने आडवे, बोलायला मोकळे. जिथे आता माल उतरतो तिथे त्यांचे वडील भात लावत. पेट्या उतरवून घेताना ते म्हणाले, "काका, भात होता तवा उंदीर होते. आता लोकांचा माल हाय, उंदीर तेच हायत. त्यांना काय फरक न्हाय परला." कामगार हसले. मी मात्र पेट्या भिंतीपासून दूर ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सीमाशुल्क अधिकारी येऊन माल तपासणार, पेट्या कंटेनरमध्ये चढणार आणि दाराला सील लागणार, असे ठरले होते.

मुक्कामाला मी रिक्षाने भिवंडीतल्या धामणकर नाक्यावर आलो. तिथे रस्ता ओलांडताना एका हातगाडीने माझी पिशवी फाडली. कपडे काखोटीला मारूनच पुढे नारपोलीतल्या लॉजवर पोहोचलो. खालच्या मजल्यावर यंत्रमाग. त्यांचा आवाज कानांनी ऐकावा लागत नाही, तो तळपायांतून वर येतो. आयुष्यभर चार तारांचा नाद तपासत आलेल्या मला त्या खोलीत स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. पाण्याचा जग घेऊन आलेल्या उत्तर प्रदेशच्या एका कामगाराला मी विचारले की झोप कशी लागते. तो हिंदीत म्हणाला, "चाचा, माग बंद पडला तरच जाग येते."

संध्याकाळी बाबालालचाचांचा फोन आला. चाचा आमच्याकडे माझ्या वडिलांच्या काळापासून तंबोरे घडवतात. मी बोलण्यासाठी गच्चीवर गेलो.

"मालक, एक सांगायचं ऱ्हायलंय. तीन नंबरचा मी बदललाय."

मला प्रथम अर्थच लागेना. मग त्यांनी सावकाश सांगितले. सगळे तंबोरे धुरी देऊन (लाकडातली कीड मारण्यासाठी बंद जागेत विषारी वायू सोडतात, ती धुरी) परत आले. चाचांनी तारा चढवून पाहिल्या. तिसऱ्याची जवारी (तार घोडीला घासून जो भरलेला नाद उठतो तो) त्यांच्या मनासारखी लागेना. म्हणून त्यांनी माळ्यावर टांगलेला जुना तंबोरा उतरवला, पुसला आणि तिसऱ्या पेटीत ठेवला. त्याला धुरी मिळालेली नव्हती. आणि आज माळ्याखाली झाडताना त्यांना जमिनीवर पिठासारखी भुकटी दिसली.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला आम्ही बाहेरून लाख देतो, आतून कधीच नाही. आतून लाख दिली की नाद गुदमरतो. पण त्यामुळेच कीड लागली तर ती आत लागते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

"आधी का सांगितलं नाही, चाचा?"

मग ते म्हणाले, "मी जवारी लावायला दोन दिस मागितले हुते. तुम्ही म्हणला, कस्टमवाले आवाज तपासत न्हाईत."

मी तसे म्हणालो होतो, तेही हसत. इतर कारागिरांसमोर.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको. बाराही नगांना धुरी दिली आहे या घोषणेखाली माझी सही होती. ती खोटी ठरली तर काय होते याच्या हकिकती मी व्यापाऱ्यांकडून ऐकल्या होत्या: परक्या बंदरात जिवंत कीड सापडली की एक पेटी जाळत नाहीत, अख्खा माल जाळतात. पण आणखी एक विचार त्याहून खोल टोचत होता. इथे कुणाला कळणार नाही, हाही विचार मला आला होता, आणि तो भीतीच्याही आधी आला होता.

सकाळी लवकर अंजूरला गेलो. गोदामात अजून कुणी नव्हते. तिसऱ्या पेटीची फळी काढली आणि भोपळ्याला कान लावला. आधी माझाच श्वास. मग नखाने कागद खरवडावा तसा अगदी बारीक आवाज, थांबून थांबून.

जनार्दन मागे येऊन उभे होते. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी वाकून भोपळा बघितला, पेटीच्या तळाशी पडलेली भुकटी बोटाने पुसली आणि फळी परत बसवली.

"काका, बाहेरून काय दिसत न्हाय. कस्टमच्या मॅडम दोन पेट्या उघरतील, त्या मी पुढं ठेवतो. ही मागं. कुनाला कलनार हाय?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. शेजाऱ्याच्या म्हशीला वाट काढून द्यावी तसे ते बोलत होते. मी "नको" म्हणालो नाही, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. त्यांनी पेटी मागे सरकवली आणि मी पाहत उभा राहिलो.

मॅडम आल्या त्या ठरल्या वेळी. पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा साडीच्या पदराने पुसायची सवय. त्यांनी कागद पाहिले, पुढच्या दोन पेट्या उघडल्या, तंबोरे पाहिले, समाधान झाले असावे. कामगार पेट्या उचलायला वाकले. पहिली पेटी कंटेनरमध्ये चढली.

"मॅडम," मी म्हणालो, "मागे ठेवलेली तीन नंबरची पेटी पाहा. तिला धुरी दिलेली नाही."

जनार्दनांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. "घोषणेवर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच."

त्यांनी पेटी उघडायला लावली, पंखे आणि मालाची गाडी बंद करवली. त्या खाली बसल्या, पदर सावरला आणि भोपळ्याला कान लावला. डोळे मिटून, चाचा लावतात तसा.

"जिवंत आहे," त्या उठत म्हणाल्या. "लाकडी माल आम्ही बऱ्याचदा असाच ऐकतो."

मग पुढचे सांगितले. चढवलेली पेटी खाली येईल. अकरा पेट्या या पेटीबरोबर एकाच टेम्पोत आल्या, म्हणून सगळ्यांना पुन्हा धुरी. तिसरा नग कागदावरचा नाही, तो जाणार नाही. जहाज चुकेल. मला लेखी खुलासा द्यावा लागेल आणि दंडाबद्दल वरचे अधिकारी ठरवतील. मी धीर करून म्हणालो की जहाज चुकले तर शाळा मागणी रद्द करील.

"करील कदाचित. लोकांना वाटतं माल अडवणं हे आमचं काम. तिकडचा अधिकारी भिवंडीहून आलेली पेटी न फोडता सोडतो, ती इथल्या तपासणीवर विश्वास ठेवून. तो विश्वास तुमच्या या भोपळ्यातून गेला असता, तर तुमच्यामागून जाणाऱ्या प्रत्येकाची पेटी फुटली असती." हे त्या रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

दुपारी जनार्दनांनी मला घरी जेवायला नेले. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे (खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचे) कालवण. मी भाकरी नुसती मोडत होतो. त्यांच्या आई ताटाकडे पाहून म्हणाल्या, "खा रं, निवटीला काटा न्हाय." जेवण संपताना जनार्दन म्हणाले, "काका, माझ्या गोदामातून ती गेली असती ना, तर कस्टमनं माझं पन दार बंद केलं असतं. मला सकाली सुचलाच न्हाय." आमची भीती तेवढ्यापुरती एका ताटात आली.

धुरी होईपर्यंत मी भिवंडीत राहिलो. शाळेला खरे ते कळवले. उत्तर आले: अकरा तंबोऱ्यांसाठी थांबू. पुढच्या मागणीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. पुढच्या जहाजासाठी कंटेनरला सील लागले तेव्हा मी समोर होतो, आणि ते लागताना आनंद व्हायला हवा होता. मला फक्त इतकेच वाटले की आता यात माझे खोटे काही नाही. दंडाची नोटीस अजून यायची आहे. दारात पोस्टमन दिसला की आजही मी आधी त्याच्या हाताकडे पाहतो.

तिसऱ्या तंबोऱ्यालाही बाकीच्यांबरोबर धुरी दिली होती; तो मी एसटीने, मांडीवर आडवा धरून परत आणला. चाचा कारखान्याच्या पायरीवर बसले होते. ते उठले, तंबोरा घेतला, पण खोळ काढली नाही.

"मालक, कुणी ऐकला का त्याचा आवाज?"

"ऐकला, चाचा. कस्टमच्या बाईंनी. कान लावून."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग माझ्याकडे पाहून त्यांना कळले असावे की बाईंनी काय ऐकले. त्यांनी भोपळ्याला स्वतःचा कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. आत आता काहीच नव्हते.

त्यांनी एकेक तार सैल केली. मी शेजारी बसलो आणि म्हणालो की यापुढे ते जेवढे दिवस मागतील तेवढे मिळतील. ते पुढची तार सैल करत राहिले. शेवटची तार सैल होताना एकदा छेडली गेली, आणि तो नाद खरोखरच तसा भरलेला होता, जसा त्यांना तिसऱ्या पेटीत हवा होता.