पोटात पाणी नव्हतं

ती घटना अजूनही मनातून जात नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि मेहकर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्याकडे बुडण्याची प्रकरणं येतात ती विहिरीची नाहीतर शेततळ्याची. अंदमानच्या समुद्रातला मृत्यू माझ्या टेबलावर येईल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

तक्रार घेऊन आलेला माणूस ठाण्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. जानेफळकडच्या एका गावचा गवंडी, विहिरी बांधून देणं हा त्याचा धंदा. परिसरात कोणी विहिरीत पडलं की आम्ही पंचनाम्याआधी त्यालाच निरोप धाडायचो. तो बुडी मारायचा, प्रेत वर आणायचा, अंग पुसायचा आणि पंच म्हणून सही करून गुपचूप निघून जायचा. त्या दिवशी तो खुर्चीवर बसलाच नाही. त्याचा एकुलता एक मुलगा, नुकताच सरकारी नोकरीत लागलेला, मित्रांसोबत अंदमानला गेला होता. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरवतात, ते स्कूबा करताना तो गेला. मृतदेह विमानाने नागपूरला आणि तिथून रुग्णवाहिकेने गावात आला. विहारात पुण्यानुमोदनाचा विधी उरकला आणि बाप सरळ ठाण्यात आला.

"साहेब, तिकडचे पोलीस म्हनतात बुडाला. मले सांगा, बुडाला तर पोटात पाणी रायते का नाही?"

"राहतं."

"याच्या पोटात थेंब नोयता. नाकातोंडाले रक्त होतं. म्या आजवर लई जन काढले विहिरीतून, बुडालेला मानूस मले समजते. माहा पोरगा बुडून मेला नाही. त्याले मारलं."

"कोणी?"

त्याने मुलाच्या जिवलग मित्राचं नाव घेतलं. तो गावातल्याच कापडवाल्या मुसलमान कुटुंबातला, दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. सहलीची सगळी जुळवाजुळव त्यानेच केली होती आणि परत आल्यापासून तो बापासमोर यायचं टाळत होता. तिकडच्या पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, केलेलीच होती. शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल यायचा बाकी होता. मी अर्ज चौकशीवर घेतला. खरं सांगायचं तर मला काळजी त्या मृत्यूपेक्षा गावाची जास्त वाटत होती. दोन घरं दोन धर्मांची, एवढं कारण काही लोकांना पुरतं. पानटपरीवर कुजबुज सुरू झालेलीच होती.

दोनच दिवसांत खबर आली. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून आमच्या माणसाने कळवलं की त्या मित्राने फोनमधला एक व्हिडिओ कायमचा पुसून मागितला, आणि पुसताना तो रडत होता. माझे जमादार तर खूष झाले. "साहेब, झालं आपलं काम!" म्हणाले. मी म्हटलं, काम व्हायचं आहे, फोन आणा. फोन पंचांसमक्ष ताब्यात घेतला. व्हिडिओ परत मिळवायला जिल्ह्याच्या सायबर शाखेने फार त्रास घेतला नाही.

व्हिडिओ पाण्याखालचा होता, त्या स्कूबावाल्यांच्याच माणसाने काढून दिलेला. निळ्या पाण्यात चार पोरं आणि त्यांच्यासोबत शिकवणारा एकटाच. थोड्या वेळाने मयत मुलगा एकदम डोळ्यांवरचा चष्मा चाचपतो आणि पाय झाडत वर निघतो. तेवढ्यात मित्र झेपावतो आणि त्याचा पाय धरतो. क्षणभर दोघं तसेच, मग पाय सुटतो. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. खाली ओढल्यासारखंच दिसत होतं.

मित्राला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस विचारलं त्याच्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा नोकरीभराचा अनुभव. हा पोरगा तर विचारलं तेवढंही सांगेना. खाली मान घालून बसला होता. त्याचा बाप बाहेरच्या बाकावर हात जोडून, जो दिसेल त्या शिपायाला सलाम करत होता. मी दरडावलं नाही. व्हिडिओ लावून फोन त्याच्यासमोर ठेवला.

"पाय काऊन धरला?" मी विचारलं.

"तो घाबरून वर चालला होता साहेब. शिकवनाऱ्यानं खुणेनं सांगतलं होतं, कोनी एकटं वर जायचं नाही. म्हनून धरला."

"मग व्हिडिओ पुसायला का गेलास?"

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "सुरुवातीचं पाहा साहेब. बोटीवरचं."

आम्ही घाईघाईने पुढे पळवलेला तो भाग होता. बोटीवर शिकवणारा सगळ्यांना काही सांगायला उभा राहतो, आणि हा पोरगा हसत हसत मयत मुलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "भैया, इसको क्या सिखाते हो? ये तो कुएँ में पला है. सीधा उतारो." सगळे हसतात. शिकवणाराही हसतो आणि खाली बसतो.

"मीच म्हनलो साहेब," तो ढसाढसा रडायला लागला. "काकाले कोन्त्या तोंडानं दाखवू हे?"

मग बाकीचं आपोआप बाहेर आलं. अंदमानच्या दोन स्कूबावाल्यांशी तो फोनवर बोलला होता. एकाने डॉक्टरचा दाखला मागितला, अर्धा दिवस उथळ पाण्यात सराव करावा लागेल म्हणाला आणि प्रत्येकासोबत वेगळा शिकवणारा देईन म्हणाला. दुसरा स्वस्त होता. दाखला नको, सराव नको, चौघं आलात तर एकजण फुकट, व्हिडिओही फुकट. पोरांनी दुसरा धरला. आपला माणूस चपलेचा जोड घ्यायला चार दुकानं फिरतो, आणि ज्याच्या नळीतून श्वास घ्यायचा त्याला मात्र 'भाऊ, कमी करा ना' एवढंच विचारतो! आता नात्यातलं कोणी अशा सहलीला निघालं तर मी भाव विचारत नाही. पाण्यात उतरवण्याआधी तो तुम्हाला किती वेळ शिकवणार आहे, एवढंच विचारतो. 'पोहता येतं ना, मग काही लागत नाही' असं जो म्हणेल, त्याच्याकडून उठून या, असं सांगतो.

पण मृत्यू कशाने झाला हे अजून कळलं नव्हतं. व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट खटकली. बाकीच्यांच्या तोंडातून सतत बुडबुडे वर जात होते. या मुलाच्या तोंडातून क्वचित, आणि वर निघताना तर एकही नाही. गाल फुगलेले, ओठ घट्ट. तोवर तिकडून पूर्ण अहवाल आला होता. त्यात फुफ्फुस फाटल्याचं लिहिलं होतं. दोन्ही घेऊन मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. विहिरीत बुडी मारणारा काठावरची हवा छातीत भरून घेतो. खाली ती हवा दाबली जाते, वर आला की पुन्हा तेवढीच होते, काही बिघडत नाही. स्कूबात टाकीतली हवा खोल पाण्यात, तिथल्या दाबाने छातीत जाते. ती तशीच कोंडून माणूस झपाट्याने वर आला तर हवा फुगत जाते, सायकलच्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरल्यासारखी. दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट खोलीवरूनही छाती फाटू शकते. म्हणून तिथे पहिला धडा हाच असतो, की श्वास कधीही रोखायचा नाही. हाच धडा त्या बोटीवर शिकवायचा राहिला होता.

आमच्या भागात पोर विहिरीत तयार झालं की नाही याची एक परीक्षा असते. तळाशी जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. त्यासाठी छाती भरून घ्यायची आणि वर येईपर्यंत श्वास सोडायचा नाही. या बापाने गावातली कितीतरी पोरं अशी तयार केली होती. त्याचा मुलगा त्या सगळ्यांत पुढे होता.

हे त्याला सांगणं माझ्यावर आलं. अहवाल टपालाने पाठवता आला असता, पण त्या माणसाने आमच्यासाठी इतकी प्रेतं वर काढली होती, मला ते बरं वाटेना. मी त्याला बोलावलं, व्हिडिओ दाखवला, डॉक्टर म्हणाले ते सावकाश सांगितलं.

"म्हंजे श्वास सोडला असता तर वाचला असता?"

"हो."

"सोडू नको, असं मीच शिकवलं त्याले."

"तुम्ही विहिरीचं शिकवलं, ते बरोबरच होतं. समुद्राचं शिकवायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी केलं नाही." याहून जास्त मला सुचलं नाही.

मित्राला आणि त्याच्या बापाला मी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. गवंडी बाहेर आला तसा पोरगा उभा राहिला. मी दारातच थांबलो. काही वेडंवाकडं झालं तर हाताशी असावेत म्हणून दोन शिपाईही जवळ ठेवले होते.

"पाय धरला होता ना त्याचा?" गवंड्याने विचारलं.

"हाव काका."

"मंग सोडला काऊन बे?"

"सोडला नाही काका. निसटला."

गवंडी त्याच्याजवळ गेला. मग म्हणाला, "माह्या हातून बी निसटला असता. लई जोर होता त्याच्यात." आणि तो पहिल्यांदाच रडला.

जबाब, व्हिडिओ, सगळे कागद आम्ही तिकडच्या पोलिसांना पाठवले. त्यांनी त्या स्कूबावाल्यावर हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल केला. आरोपी हवा असलेल्या माणसाला सत्य नको असतं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. या माणसाने सत्य घेतलं, आणि ते त्याच्याच दारात येऊन उभं राहिलेलं असताना घेतलं. त्या दिवशी ठाण्यातून निघताना त्याने त्या पोराला आपल्या मोटारसायकलवर मागे बसवलं. आडवाटेने नेलं नाही. भर दुपारी, त्या पानटपरीवरून, अख्ख्या गावाच्या देखत त्याला त्याच्या घरी सोडून आला.