ब्लँकेटला माझा विरोध

विमान कंपनीच्या जाहिरातीतल्या ब्लँकेटवर लेखी हरकत घेणारा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधला मी एकमेव माणूस आहे. ब्लँकेटशी माझं काही वाकडं नाही. जाहिरातीशीही नव्हतं. ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी घरात एकटा होतो आणि पोट धरून हसलो होतो. दुसऱ्यांदा लागली तेव्हा शेजारी सासरे बसले होते.

सासरे, म्हणजे अप्पा, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. एकटेच. (सासूबाई मेव्हण्याच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. म्हणजे मेव्हण्याच्या बायकोच्या. पण घरात झोपून फक्त मेव्हणा असायचा.) अप्पांनी सगळी नोकरी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात काढली. बोलणं कमी, बघणं जास्त. चौदा वर्षांपूर्वी मला बघायला आले, तेव्हा चहापोहे झाल्यावर जिन्यात चपला घालताना सासूबाईंना म्हणाले होते, "मुलगा बरा आहे, पण गंभीर नाही." आमच्या जिन्यात आवाज फार घुमायचा. तेव्हापासून मी अप्पांसमोर गंभीर व्हायची खटपट करतोय. त्यांचा फोन आला तर मी अजूनही उभा राहून बोलतो.

अप्पांना संध्याकाळी सहाच्या लोकल बातम्या लागत, त्याही हवामानासाठी. (हवामान मॉरिसव्हिलचं, काळजी साताऱ्याच्या वाळवणांची.) बातम्या आणि हवामान यांच्या बरोबर मध्ये ती जाहिरात होती. अंधुक उजेड. एकाच ब्लँकेटमधून बाहेर आलेली दोन डोकी, एक बाईचं, एक बुवांचं. ती म्हणते, सावकाश. तो विचारतो, आणखी मागे? ती म्हणते, अजून थोडं, हं, आता कसं! मग दोघं समाधानाचा सुस्कारा टाकतात, झगझगीत दिवा लागतो आणि कळतं, की दोघं विमानात आहेत आणि त्यांनी फक्त सीट मागे केली आहे. सगळा मिळून वीस सेकंदांचा मामला. सासऱ्यांना चिकटून सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी वीस सेकंद म्हणजे बराच काळ.

टीव्हीवर असं काही लागलं की काय करायचं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. आई पदराला हात पुसत आत जाते, वडिलांना खोकला येतो आणि तिसरा कुणीतरी पाणी आणायला उठतो. आमच्या घरी तिसरा मीच होतो. मी उठलो आणि म्हणालो, "अप्पा, पाणी?"

अप्पा निमूटपणे पाणी प्यायले. हवामानानंतर जाहिरात पुन्हा लागली. मी पुन्हा पाणी दिलं. पहिल्या चार दिवसांत अप्पा इतकं पाणी प्यायले, की त्यांनी मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजूला घेऊन विचारलं, प्रशांतरावांची तब्येत बरी आहे ना. मृणाल त्या वेळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. विमानातून उतरल्यापासून अप्पांचे गुडघे धरले होते. तिने मला सांगितलं, की उगाच येरझारा घालू नकोस, त्यांना काही वाटत नाही. बारा वर्षांची आमची ईशा तर फोनमधून मानही वर न करता म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट ॲन ॲड."

पण पाचव्या दिवशी अप्पांना काहीतरी वाटलं. जाहिरात सुरू होताच ते उठले, चष्मा लावून टीव्हीला नाक टेकेल इतके जवळ गेले आणि ब्लँकेट सरकेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "प्रशांतराव, हे मागे नेऊन पुन्हा दाखवता येतं का?"

सासरेबुवांच्या आज्ञेवरून ती जाहिरात मी तीन वेळा मागे नेली. तिसऱ्या वेळी त्यांनी ती नेमकी सुस्काऱ्यावर थांबवायला लावली. टीव्ही पासष्ट इंची आहे.

"यांना लिहायला हवं," अप्पा शेवटी म्हणाले. आवाज थंड. "घराघरांत लोक बघतात हे. असं खपवून घेता कामा नये."

चौदा वर्षांत मला इतकी सोन्यासारखी संधी मिळाली नव्हती. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "अप्पा, मी लिहितो. आजच."

अप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याविषयी काहीतरी बरं उमटलं. मुद्दा नीट मांडा म्हणाले. मी म्हटलं, मुद्दा माझ्या लक्षात आलाय. त्यांनी खिशातल्या छोट्या वहीवर थाप मारून सांगितलं, की आकडे लागले तर सगळे इथे आहेत. जाहिरात दिवसातून किती वेळा लागते ते त्यांनी टिपून ठेवलं असणार, असं धरून मी म्हटलं, आकड्यांची गरज पडणार नाही.

मग मी ते पत्र लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. त्यात कुटुंब होतं, संस्कार होते, तीन पिढ्या एका सोफ्यावर बसतात हे होतं. मधला एक परिच्छेद वाचताना माझेच डोळे भरून आले. आणि पत्र कितीही जळजळीत असलं, तरी खाली 'प्रत माहितीसाठी' असल्याशिवाय कुणी त्याची दखल घेत नाही, हे बाबांच्या सरकारी नोकरीमुळे लहानपणापासून माहीत होतं. म्हणून एक प्रत मी अप्पांच्या बातम्यांच्या चॅनेललाही धाडली. अप्पा म्हणाले, वाचून तरी दाखवा. आता 'सूचक सुस्कारे' हे शब्द जावयाने सासऱ्यांपुढे मोठ्याने कसे वाचायचे? मी म्हटलं, पाठवलंसुद्धा.

दोन दिवसांनी चॅनेलचा फोन आला. त्या जाहिरातीवरून गावात म्हणे दोन तट पडले होते. निम्मे लोक म्हणत होते धमाल आहे, उरलेले म्हणत होते मुलांसमोर बघवत नाही. त्यावर ते छोटा कार्यक्रम करत होते, आणि आलेल्या तक्रारींत सगळ्यात लांबलचक माझी होती.

शनिवारी सकाळी एक तरुण वार्ताहर बाई आणि एक कॅमेरावाला घरी आले. मृणालने पोहे केले. ईशा म्हणाली, लोकल न्यूज तिच्या मैत्रिणी बघत नाहीत, पण त्यांचे पेरेंट्स बघतात, त्यामुळे ती आता शाळा बदलणार. मी सूट घालून मधोमध बसलो. शेजारी अप्पा, इस्त्रीच्या सदऱ्यात. वार्ताहर बाईंनी गोड हसून विचारलं, की जाहिरातीत तुम्हाला नेमकं काय खटकलं?

पत्रात मला दोन पानं भरून खटकलं होतं. पण आता शेजारी अप्पा होते. मी म्हटलं, एकूण वातावरण. बाई म्हणाल्या, म्हणजे नक्की काय? मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा माझ्याकडेच पाहत होते. त्या सगळ्यातला मोठ्याने म्हणता येईल असा एकच शब्द मला सुचला.

"ब्लँकेट," मी म्हणालो.

बाईंनी खात्री करून घेतली, की तुमची तक्रार ब्लँकेटबद्दल आहे. मी अत्यंत गंभीरपणे हो म्हणालो. मृणालने कपाळावर हात मारला. तोही नंतर टीव्हीवर दिसला.

मग बाईंनी अप्पांना विचारलं, की सर, तुम्हालाही ही जाहिरात आक्षेपार्ह वाटली का? आता वीज कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. अप्पांनी सदऱ्याच्या एका खिशातून वही काढली, दुसऱ्यातून मोजायची टेप काढली, आणि घसा साफ करून आपल्या कारखान्याच्या इंग्रजीत म्हणाले, "ॲडव्हर्टाइजमेंट इज व्हेरी गुड. कपल इज ऑल्सो गुड. सीट इज फॉल्स."

पुढची दहा मिनिटं अप्पा एकटेच बोलत होते. न्यूयॉर्कहून आमच्याकडे ते याच कंपनीच्या विमानाने आले होते आणि शेजाऱ्याची माफी मागून त्यांनी सीट मोजली होती. प्रत्यक्षात ती दोन इंच मागे जाते. जाहिरातीत सात इंच जाते, हे त्यांनी माझ्या टीव्हीवर ब्लँकेटच्या घडीवरून काढलं होतं. (म्हणून तो सुस्काऱ्यावर थांबा.) पुढच्या सीटपर्यंत गुडघ्यांना किती जागा असते, हे त्यांनी कॅमेरावाल्याला आमच्या सोफ्यावर दाबून बसवून दाखवलं. कॅमेरावाला उंच होता. तो म्हणाला, मागच्याच महिन्यात त्याचे गुडघे तिथे अडकले होते, आणि त्याने कॅमेरा तिवईवर ठेवून अप्पांशी हात मिळवला.

कार्यक्रमात अप्पांना दोन मिनिटं मिळाली. मला चार सेकंद. त्यात मी फक्त 'ब्लँकेट' म्हणतो आणि खाली माझं नाव येतं. सोमवारी ऑफिसात माझ्या खुर्चीवर कुणीतरी घडी घालून एक लोकरीचं ब्लँकेट ठेवलं होतं. त्यावर सगळ्या टीमच्या सह्या होत्या.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ऑफिसचं नाही. अप्पांचं. त्यांचे गुडघे दुखत होते, ते वहीतले आकडे देऊ करत होते, आणि मी पाण्याचे तांबे नाचवत चौदा वर्षांपूर्वीचा जिना ऐकत बसलो होतो. मी त्यांच्याकडे जाऊन पत्रात काय लिहिलं होतं ते सगळं सांगितलं, सुस्कारे वगळून. त्यांनी ऐकून घेतलं, "हं" म्हणाले आणि हवामान लावलं.

तीन आठवड्यांनी जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली, की प्रत्यक्ष सीट वेगळी असू शकते. अप्पांनी टीव्हीजवळ जाऊन ती दोनदा वाचली आणि लगेच सासूबाईंना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होतो. अमेरिकेतल्या घरांना जिना नसला तरी आवाज घुमतो, हे तेव्हा कळलं.

"सुधारली त्यांनी जाहिरात," अप्पा सांगत होते. "जावई? हो, ते पत्र त्यांचंच. अगं, आपण उगाच नावं ठेवली त्यांना. इतका गंभीर माणूस मी आमच्या कारखान्यातसुद्धा पाहिला नाही." मग जरा थांबले. "सीट सोडून बाकी सगळ्याबद्दल."

आणि अप्पा हसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा, चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मृणाल हसली, ईशा हसली, फोनच्या पलीकडे सासूबाईही हसल्या. टीव्हीवर पुन्हा अंधुक उजेड झाला, ब्लँकेटमधून दोन डोकी बाहेर आली, आणि मी आत येऊन अतिशय गंभीरपणे विचारलं, पाणी हवंय का कुणाला?