पुंजाचं उपरणं आणि निकिताचे तीन पत्ते

आमचा पुंजा सटाण्याकडचा. उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकाच उपरण्याखाली, आकडा बोटं दाबून सांगायचा, आणि डोळे समोरच्याच्या तोंडावर. एकदा नांदगावच्या बाजारात एका शेतकऱ्याची डावी पापणी उडाली, एवढ्यावरून यानं ताडलं की गडी आज बैल परत नेणार नाही. तो किस्सा मी आजवर चाळीसदा तरी ऐकला असेल. आता पुंजा इंदिरानगरला मुलाकडे राहतो, आमच्याच इमारतीत, आणि खांद्यावरचं उपरणं अजून सुटलेलं नाही.

माझी नात निकिता कॅसिनोत डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारी, व्हायचं शिकत होती. गोव्याच्या जहाजावरची नोकरी ठरल्यात जमा होती, फक्त टेबलाची परीक्षा राहिली होती. पहिल्या खेपेला परीक्षकबाई भांडखोर गिऱ्हाईक होऊन समोर बसल्या आणि पोरीचे हात थांबले, डोळ्यांत पाणी आलं. नापास. दुसरी संधी एकदाच मिळते. ती हुकली की नोकरी गेली.

म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की आमच्या गॅलरीत सराव चाले. डीलर निकिता, गिऱ्हाइकं आम्ही दोघे म्हातारे, आणि पैशांच्या जागी चिंचोके.

खेळ आपल्या तीन पत्तीच्या घरातलाच. आधी एक चिंचोका पुढे ठेवायचा. मग तीन पत्ते तुम्हाला, तीन डीलरला. तुमचे तुम्ही बघायचे. आवडले नाहीत तर टाकून द्यायचे, पहिला चिंचोका गेला. आवडले तर तेवढाच दुसरा चिंचोका लावायचा. मग डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी हवी. नसली तर तो बाद, म्हणजे पहिल्या चिंचोक्यावर तुम्हाला एक मिळतो आणि दुसरा नुसता परत येतो. राणी असली तर ज्याचे पत्ते मोठे तो दोन्हीकडे जिंकला. निकितानं आम्हाला हिशेबही सांगून ठेवला होता: राणी, छक्की, चौकी, इतकं किंवा याच्या वर असलं तरच खेळायचं. मी दोन दिवसांत शिकलो. मी सातवी पास माणूस आहे, ही काही फुशारकी नाही.

पुंजा? त्यानं पहिल्याच डावात पत्ते उपरण्याखाली घेतले.

"पुंजाबाबा, पत्ते टेबलावरच ठेवायचे. झाकायचे नाहीत."

"का वं? मना पत्ता माले दिसस, म्हंजे झालं."

उपरणं निघालं. मग तो पत्ते सोडून निकिताच्या तोंडाकडे बघत बसला. पाच मिनिटं. माझा चहा गार झाला.

"अरे, खेळ की."

"थांब सोमनाथ. पोरीनी भुवई हालनी. तिना पत्ता हलका शे."

"तिनं तिचे पत्ते पाहिलेलेच नाहीत! ते पालथे आहेत. तिलाच ठाऊक नाही, तर भुवईला कुठून ठाऊक असणार?"

"आसं कसं? माल ज्याना, त्याले ठाऊक ऱ्हास."

हे मी त्याला किती वेळा समजावलं असेल? डीलर घाबरत नाही, डीलर पत्ते टाकत नाही, डीलरला स्वतःचं डोकं चालवायची परवानगीच नाही. त्याच्यापुढे हूल देऊन काय उपयोग? पुंजा मान डोलवायचा आणि पुढच्या डावात सत्तीवर दुसरा चिंचोका दणकन आपटायचा, निकिता दचकते का बघायला. सुरुवातीला ती दचकायची. मग चिडायची. एकदा तर पत्ते टाकून आत निघून गेली. तिसऱ्या आठवड्यात मात्र तिनं मान वर करणंच सोडलं.

दुसऱ्या परीक्षेला तिला शिकवणाऱ्या संस्थेनं सांगितलं, ओळखीची दोन माणसं गिऱ्हाईक म्हणून आणा. मी म्हटलं, पुंजा नको, दुसरं कुणीही चालेल. निकिता म्हणाली, "नाही आजोबा, पुंजाबाबाच पाहिजेत." रिक्षात मी त्याच्याकडून वचन घेतलं की तोंड उघडणार नाही.

परीक्षकबाई वही घेऊन निकिताच्या मागे उभ्या. इथं चिंचोक्यांच्या जागी खऱ्या चकत्या होत्या. चार डाव नीट झाले. पाचव्याला पुंजाला आले दहिली, पंजी, दुर्री. टाकायचे पत्ते. यानं हळूच उपरणं पुढे ओढलं.

"पत्ते टेबलावर दिसू द्या, काका," निकिता म्हणाली. आवाज सपाट. हात थांबला नाही.

पुंजानं दुसरी चकती आपटली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बसला. निकितानं पत्ते उघडले. गुलाम, अठ्ठी, तिर्री. पुंजापेक्षा मोठेच, पण राणी नाही. डीलर बाद. तिनं पहिल्या चकतीवर एक चकती दिली आणि दुसरी तशीच मागे सरकवली.

"आन याना वर?" पुंजानं दुसरी चकती परत पुढे ढकलली. "डाव मी जितना. देई टाक."

मागच्या परीक्षेत नेमक्या याच जागी ती रडली होती. बाईंची पेन्सिल थांबली. मी टेबलाखालून पुंजाला लाथ घातली, ती खुर्चीच्या पायाला बसली.

"डीलर बाद झाला की दुसरी चकती फक्त परत मिळते," निकिता म्हणाली. "शंका असेल तर सुपरवायझरना बोलावते. पुढचा डाव, काका?" आणि पत्ते गोळा झालेसुद्धा.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. संध्याकाळी फोन आला, पास.

पेढे घेऊन मी पुंजाकडे गेलो. म्हटलं, बरा माणूस आहेस, वचन दिलंस आणि नको ते सगळं केलंस.

"पन सोमनाथ," तो पेढा हातात धरून म्हणाला, "त्या डावाले पोरीना तोंडवर काहीच दिसनं नाही. चाळीस वरीसमा पहिल्यांदा."

"अरे बाबा, तिला तिचे पत्ते ठाऊकच नव्हते!"

"तेच म्हनस ना मी. ठाऊक नाही, हेबी तिनी दिसू दिधं नाही."

मी पेढ्याचा पुडा तिथंच ठेवला आणि घरी आलो.