नजीरभाईंचा राहून गेलेला उतार

नजीरभाईंना बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, न्हाव्याकडं गेले तरी त्याला "आता बसा हो" म्हणावं लागतं. सगळं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेलं. वरातीत कुणी बसून वाजवत नाही, घोड्यापुढं चालत वाजवतात. ती चाल पायांत अशी मुरली की रिकाम्या वेळीही पाय थांबत नाहीत. नांदेडात देगलूर नाक्याजवळ आमची घरं समोरासमोर आहेत. मी धम्मानंद, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मला बसायला फार आवडतं, म्हणूनच बहुतेक आमचं जमतं.

नजीरभाईंचे अब्बाही बँडवालेच. त्यांनी मुलाला मांड रागातली एक लांब गत शिकवली होती. तिला एक चढाव आणि एक उतार. चढावात सूर सावकाश वर जातो आणि उतारात जिथून निघाला तिथं पायरी पायरीनं परत येतो. "मास्तर, खरी गत उतारात हाय," नजीरभाई म्हणायचे. "चढाव काय, कुणी बी वाजवंल."

पण वरातीत उतारापर्यंत पोचू कोण देतो! चढाव शेंड्याला गेला की नवरदेवाचा कुणीतरी मामा घाम पुसत पुढं येणार, "ओ बँडवाले, हे रडगाणं बंद करा, नाचायचं वाजवा!" नजीरभाई मान डोलावणार आणि नाचायचं वाजवणार. फरमाईश मोडायची नाही, हीसुद्धा अब्बांचीच शिकवण. अब्बा तसेच गेले, माणसांपुढं एकदाही उतार न वाजवता. नजीरभाई गोदावरीच्या घाटावर जाऊन एकटेच पुरी गत वाजवून यायचे. तरी त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. समोर बसलेल्या माणसांना अब्बांची गत शेवटपर्यंत ऐकवायची, एवढी एकच इच्छा होती त्यांची.

मागच्या हिवाळ्यात रविकिरण नावाचा एक तरुण मित्राच्या लग्नाला नांदेडात आला. वरातीत सगळे नाचत होते आणि हा गडी क्लॅरिनेट ऐकत उभा. समुद्रकाठच्या एका शहरात तो दर शनिवार-रविवार कलेचे कार्यक्रम भरवतो. शहराचं नाव मी घेत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. "काका, आमच्याकडं या. लोक फक्त ऐकायला येतात," तो म्हणाला.

ऐकायला येतात! त्या दिवसापासून नजीरभाईंच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या. सोबतीला मला घेतलं. निघताना त्यांच्या बायकोनं, वहिदाभाभींनी, मला बाजूला घेऊन बजावलं, "मास्तर, यांना पुरी वाजवू द्या. मधी कोन आलं तर तुम्ही आडवे जा."

शनिवारी दुपारी आम्ही समुद्रावर पोचलो. हिरवळीवर तंबूच तंबू. एकात चिखलाची भांडी, एकात कविता, एकात मोठी माणसं लहान पोरांसारखी कागदाच्या होड्या करत होती आणि त्यालाही कार्यशाळा म्हणत होती. नजीरभाई समुद्राकडं बघत राहिले. "हे थांबतच न्हाई का हो, मास्तर?" त्यांनी विचारलं. समुद्र त्यांना एकदम पसंत पडला.

मंचावर खुर्ची मांडली होती आणि तिच्यापुढं माईक. नजीरभाईंनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता, बँडचा लाल कोट मुद्दाम घरी ठेवला होता. खुर्चीवर टेकले, उठले, परत टेकले. बसून फुंक पोटातनं येईना. शेवटी उभे राहिले आणि माईकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलं टाकत वाजवू लागले. समोर माणसं गप्प बसलेली. कुणी ओरडत नाही, कुणी नोटा ओवाळत नाही. मी पहिल्या रांगेत दोन्ही हात घट्ट आवळून बसलो होतो. चढाव शेंड्याला पोचला. आता उतार.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून अँब्युलन्सचा भोंगा आला.

वरातीत अँब्युलन्स आली की बँड बंद करायचा, हात वर करून मागच्यांना थांबवायचं आणि कडेला सरकून वाट द्यायची. नजीरभाईंनी क्लॅरिनेट खाली घेतलं, हात वर केला आणि मंचाच्या कडेला सरकून मान खाली घालून उभे राहिले. अँब्युलन्स रस्त्यावरून निघून गेली. मंचावर तिला वाट द्यायची गरज नव्हती, पण हे पायांना कोण सांगणार?

आणि माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, गत इथंच संपते. रविकिरण धावत मंचावर आला, डोळे पुसत म्हणाला, "काय तो शेवट!" पुढच्या कार्यक्रमाची माणसं तबले घेऊन चढलीसुद्धा. नजीरभाई मला म्हणाले, "मास्तर, उतार ऱ्हायला की." कुणी लेकरू मागं राहिल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

रविवारी पुन्हा वाजवायचं होतं. सकाळी रविकिरण आला, गोड पोरगा, त्याच्यात वाईट काही नाही. म्हणाला, "काका, आजही तसंच. तिथंच थांबायचं, हात वर, कडेला जायचं. कालच्या शेवटाचा व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिलाय." मी म्हणालो, "अहो, ती गत अर्धीच झाली!" तो हसला, "अर्धीच छान आहे, सर."

माझं डोकंच फिरलं. तो गेल्यावर मी नजीरभाईंना म्हणालो, "त्याचं ऐकायचं नाही. कोण आलं मधे तर मी बघतो." ते वाळूत इकडून तिकडं, तिकडून इकडं करत म्हणाले, "हाव मास्तर. आज पुरा वाजवतो. काय व्हायचं ते होऊ द्या."

संध्याकाळी गर्दी दुप्पट. चढाव तर कालच्याहून सुंदर गेला. शेंडा जवळ आला तसे सगळ्यांनी फोन वर धरले. कुणीतरी हात वर केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या हिरवळीवर हातच हात. त्यांना तो थांबा हवा होता. नजीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं 'वाजवा, वाजवा' म्हणत होतो. पण हजार हातांची फरमाईश ती. क्लॅरिनेट खाली आलं, हात वर गेला आणि ते कडेला सरकले. टाळ्यांनी समुद्र ऐकू येईना. आडवं जायला मी तयार होतो, पण आडवं कुणाला जायचं?

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. ते डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत फिरत होते. एकदा माझ्यापाशी थांबले, "मास्तर, चिडू नका. फरमाईश आली की बोटं आपोआप थांबून ऱ्हायली." आणि पुन्हा चालू लागले. मग मला राग धरवेना, नुसतं वाईट वाटत राहिलं.

घरी पोचलो तेव्हा वहिदाभाभी अंगणात तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. तरी विचारलं, "झाली का पुरी?"

नजीरभाई विहिरीकडं चालू लागले. मीच म्हणालो, "चढाव झाला, भाभी."

"चढाव तर सगळ्या नांदेडनं ऐकलाय." त्यांनी सूप बाजूला सारलं, ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची अंगणाच्या मधोमध ओढली आणि डोईवर पदर घेऊन तिच्यात बसल्या. "मला उतार वाजवा."

"इथं? कुनापुढं?"

"मी कोन हाय मग?" त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून तुमच्या अब्बांच्या उताराचं नुसतं नाव ऐकून राहिले. एकदा तरी ऐकवला का? ही माझी फरमाईश समजा."

नजीरभाईंनी क्लॅरिनेटची पेटी उघडली. अंगण असं केवढं! वाजवत विहिरीपासून दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. सूर वरून एकेक पायरी खाली येऊ लागला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. नजीरभाईंचा फोन पिशवीत वाजू लागला. बँडच्या मालकाचा असणार, संध्याकाळची वरात असेल. वहिदाभाभींनी उठून फोन बंद केला आणि परत येऊन बसल्या. नजीरभाई थांबले नाहीत. चाल मात्र हळूहळू कमी होत गेली. शेवटचा सूर आला तेव्हा ते बायकोपुढं एका जागी उभे होते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि माझंही काही वेगळं नव्हतं.

"संपली?" भाभींनी विचारलं.

"हाव. संपली."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. नजीरभाईंनी एकदा रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि तिच्यात बसले. चहा येईपर्यंत ते बसूनच होते.