बोडीटोल्याचे अकरा किलोमीटर

"नो ड्यूजवर सही पायजे होती जी," असं म्हणत त्या माणसाने कागद माझ्या टेबलावर ठेवला. धोतर कमरेपर्यंत ओलं, चपला हातातल्या पिशवीत. मी पेन उचललं आणि सवयीप्रमाणे आधी नाव वाचलं. प्रतिमा, बी.एस्सी. प्रथम वर्ष.

कॉलेज सोडताना आमचं या मुलीकडे काही बाकी नाही, असं लायब्ररी, लॅब, होस्टेल अशा सगळ्यांनी लिहून द्यावं लागतं. तो कागद म्हणजे नो ड्यूज. तो पुरा झाल्याशिवाय ऑफिस टी.सी. परत देत नाही. जी मुलगी होस्टेलमध्ये एक दिवसही राहिली नाही, तिलासुद्धा होस्टेलची सही लागते. का, ते मला नोकरीच्या इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी साकोलीच्या एका कॉलेजात मुलींच्या होस्टेलची वॉर्डन होते. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. गोंदियाकडे गेलेल्या गावांचे बाप अजूनही फॉर्मवर भंडारा लिहीत आणि मग खोडून गोंदिया करत. जुलैचा पहिला आठवडा म्हणजे माझ्याकडे अशा खाडाखोडीचे गठ्ठे पडलेले असायचे.

कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला नाही आणि ही मुलगी सोडून चालली. मी विचारलं, दुसरीकडे नंबर लागला का? तो म्हणाला, नाही. मग लग्न ठरलं का? तेही नाही.

"होस्टेल नाई भेटलं जी. मंग कशी शिकन ते?"

मी त्याला बसायला सांगितलं. तो खुर्ची ओली होईल म्हणून उभाच राहिला. नाव देवाजी, गाव बोडीटोला. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. मी कपाटातून नामंजूर फॉर्मांचा गठ्ठा काढला. प्रतिमाचा फॉर्म वरच होता.

होस्टेलच्या फॉर्ममध्ये काय असतं ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे दोन इमारती होत्या. नव्या इमारतीत दोघींची खोली, जुन्या इमारतीत आठ खाटांचा हॉल. मुलीने पसंतीचा क्रम लिहायचा. बहुतेक सगळ्या नवी इमारत पहिली लिहीत. प्रतिमाने हॉल पहिला लिहिला होता आणि समोर कारणही दिलं होतं: हॉलला लागून अभ्यासिका आहे. कारण कोणी विचारलंच नव्हतं. ॲडमिशनला आली तेव्हा मुलीने जागा फिरून बघितली होती आणि विचार करून निवडली होती. बारावीचे मार्कही चांगले होते. पण पुढचा रकाना होता, 'गावापासून कॉलेजचे अंतर'. तिथे बापाने लिहिलं होतं अकरा किलोमीटर, आणि त्यावर लाल पेनाची काट होती.

नियम असा की वीस किलोमीटरच्या आतल्या मुलीला होस्टेल नाही. तिने घरून अप-डाउन करावं. जागा कमी आणि अर्ज दुप्पट, त्यामुळे छाननीत हा नियम फार कामाचा. डोंगरेबाबू म्हणजे आमचे क्लार्क आकडा बघून काट मारायचे, मी खाली सही करायची. एका फॉर्मला अर्धा मिनिटही लागत नसे.

मी त्याला समजावलं, काका, अकरा किलोमीटर म्हणजे काही लांब नाही, लाखनीपलीकडच्या मुली बसने रोज येतात. तो शांतपणे म्हणाला, आमच्या गावात बस येत नाही. मग तुम्ही आज कसे आलात? तर तलावाच्या पारेवरून, मग धुऱ्याधुऱ्याने, मग नाला ओलांडून. धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा, भातखाचराचा बांध, एक पाऊल मावेल इतका.

"नाल्याले पूल आहे का?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"नाई जी. आज कमरेइतलं होतं. मी येतो. पोरगी काय ओली होऊन वर्गात बसन? अन पाचले तिचं प्रॅक्टिकल सुटन, तं नाल्यावर येता येता अंधार."

"रस्त्यानं किती पडतं?"

"रस्त्यानं लय दूर. पंचवीस का तीस, कोनाले माईत. त्या रस्त्यानं कोन जाते?"

"मंग फॉर्मवर अकरा काहून लिवले?"

"तुमी अंतर इचारलं. आमी ज्या वाटेनं येतो तिचं लिवलं."

आमच्या फॉर्मने वाट कोणती ते विचारलंच नव्हतं. बाकीचे बाप पटवारी-तलाठ्यात मुरलेले. अठराचे बावीस कसे करायचे ते त्यांना बरोबर कळायचं. ह्या माणसाने पावसाळ्यात बुडणारी वाट प्रामाणिकपणे लिहिली आणि मुलीची सीट घालवली. मी नो ड्यूजचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याला व्हरांड्यात थांबायला सांगितलं.

प्राचार्य सर फाइल बघत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सही झालेला फॉर्म बदलता येणार नाही, मॅडम. आज एकाचं बदललं की उद्या वीस बाप अंतर वाढवून आणतील."

मी म्हटलं, "सर, हा तर कमी करून आलाय."

ते हसले, पण नियम सोडला नाही. शेवटी असं ठरलं: एस.टी. डेपोतून रस्त्याचं अंतर लेखी आणायचं आणि पालकाने स्वतःच्या सहीने नवा अर्ज द्यायचा. दुसरी यादी उद्या चार वाजता लागणार होती. एका मुलीला डी.एड.ला नंबर लागल्याने हॉलमधली एक खाट रिकामी झाली होती. अर्ज आला तर ती खाट मार्कांप्रमाणे प्रतिमाची, नाही आला तर वेटिंगमधल्या पुढच्या मुलीची. यादी लागल्यावर मात्र काहीही ऐकून घेणार नाही, असं सरांनी बजावलं.

डेपो जवळच होता. देवाजींना घेऊन मी स्वतःच गेले. तिथल्या कंट्रोलरने रजिस्टर बघून लिहून दिलं: बोडीटोला फाटा, बावीस किलोमीटर. फाट्यापुढे गावात बस जात नाही, त्यामुळे पुढचं अंतर एस.टी.कडे नाही. मला आनंद झाला. बावीस म्हणजे नियमात बसलंच. फाट्यापासून गाव चारेक किलोमीटर असेल, असं तिथल्याच एका ड्रायव्हरने सांगितलं. ऑफिसला परतल्याबरोबर मी अर्ज लिहून काढला. अंतर: सव्वीस किलोमीटर. सरांनाही तसं कळवून टाकलं. पेन देवाजींच्या हातात दिलं.

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. सातवी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचत होता. मग पेन खाली ठेवलं.

"हे सव्वीस कोनं मोजलं?"

मी हिशोब सांगितला. बावीस आणि चार.

"फाट्यापासून चार, हे त्या डायवरनं अंदाजानं सांगितलं. मी त्या रस्त्यानं कधी गेलो नाई जी."

"अहो, एक-दीड किलोमीटरनं काय बिघडतं? वीसच्या वर आहे ना?"

"पयले बी तुमचा कागद न समजता भरला, तं पोरीची शीट गेली. आता जे माईत नाई त्याच्यावर सही करू? उद्या कोनी मोजलं अन चुकलं निंघालं, तं तिले बाहेर काढन."

मला राग आला. खरंच आला. ह्याच्या मुलीसाठी मी भर कामाच्या वेळेत डेपोच्या पायऱ्या चढले आणि हा माणूस मलाच तपासत होता. मी जरा तोडूनच बोलले की उद्या चारनंतर सही घेऊन आलात तरी उपयोग होणार नाही, मग बसा मोजत. ते बरं म्हणाले. कोऱ्या अर्जाचा कागद मागून घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि फाट्याची बस पकडायला निघून गेले. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. घरची बांधी सोडून माणूस दोन दिवस किलोमीटर मोजणार होता.

डोंगरेबाबू म्हणाले, "मॅडम, गेली समजा खाट. गाढवाले गूळ चारायले गेल्या तुमी." मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी यादी तयार केली. शेवटच्या ओळीची जागा मोकळी ठेवली. तीन वाजले. साडेतीनला सरांचा शिपाई यादी घ्यायला आला. मी म्हटलं, टायपिंगची एक चूक काढायची आहे, दहा मिनिटांनी ये. चूक वगैरे काही नव्हती. मी खिडकीतून गेटकडे बघत बसले होते आणि स्वतःवरच चिडत होते. वेटिंगमधली पुढची मुलगीही कोणाची तरी लेक होती, तिची खाट मी कुठल्या हक्काने अडवून धरली होती?

शिपाई परत आला तेव्हाच देवाजी गेटमधून आत शिरले. ह्या वेळी कोरडे. मागे प्रतिमा, दोन वेण्या, हातात वही. बस फाट्यावर उशिरा आली होती.

वहीत मुलीने सगळं मांडलं होतं. गावापासून फाट्यापर्यंत बापलेक पायी चालत आले होते, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत. मधला एक दगड जागेवर नव्हता. तो कोणी तरी उपटून घराची पायरी केली होती. तेवढ्यासाठी ती परत मागे जाऊन दोन दगडांमधली पावलं मोजून आली होती.

"पाच भरले, मॅडम," ती म्हणाली. "बावीस अन पाच, सत्तावीस."

देवाजींनी माझ्यासमोर कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. मोठी मोठी अक्षरं, ओळ जरा तिरपी. सत्तावीस लिहिलं, कंसात 'पावसाळी रस्त्याने' असं लिहिलं आणि सही केली. ते कंसातलं त्यांचं स्वतःचं. मी सुचवलं नव्हतं.

सरांनी कागद बघून विचारलं, "काल तुम्ही सव्वीस म्हणाला होतात ना, मॅडम?"

"काल मोजलं नव्हतं, सर."

चारला पाच मिनिटं असताना यादी लागली. शेवटच्या ओळीत प्रतिमाचं नाव होतं, जुनी इमारत, हॉल, खाट क्रमांक आठ. देवाजींनी नाव वाचलं, मुलीला दाखवलं आणि मला म्हणाले, आता तो काल दिलेला नो ड्यूजचा कागद फाडून टाका जी. मी त्यांच्यासमोरच फाडला. फार बरं वाटलं. कालचा राग कुठे गेला ते कळलंही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कौतुकाने सांगत फिरले असते. पण प्रतिमाचा जुना फॉर्म मंजूरच्या फाइलला लावताना मला मागच्या दोन वर्षांचा नामंजूर गठ्ठा उघडावासा वाटला. 'अंतर कमी' शेरा असलेले फॉर्म वेगळे काढले. त्यांत बोडीटोल्याचा आणखी एक निघाला. अंतर: अकरा किलोमीटर. लाल काट, खाली माझी सही. नाव सुनंदा.

प्रतिमा सामान घेऊन राहायला आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही तुझ्या ओळखीची का?

"आमच्या शेजारची. माह्यापेक्षा हुशार होती ते. होस्टेल नाई भेटलं तं घरीच राहिली. मागच्या उन्हाळ्यात लगन झालं तिचं."

"तिचे बाबा विचारायला आले नाहीत?"

"यादीत नाव नाई, तं काय इचारायचं? मोठ्या लोकायनं पाहूनच काटलं असन, असं म्हणाले."

मी पाहून काटलं नव्हतं. नुसतं काटलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये मी तो रकाना बदलून घेतला: 'पावसाळ्यात मुलीला येता येईल अशा रस्त्याने अंतर'. ओळ लांब झाली म्हणून छापखानेवाल्याने कुरकुर केली. त्या वर्षी नाल्यापलीकडच्या दोन गावांतून तीन मुली होस्टेलला आल्या. फॉर्म चुकीचा भरला म्हणून मी तोवर पालकांना कितीदा तरी बोलले होते. पण वॉर्डन म्हणून रुजू झाले त्या वर्षी 'गावापासून कॉलेजचे अंतर' हा रकाना आखून दिला होता तो मीच, एका दुपारी, टेबलाशी बसून, आणि सुनंदाच्या बापाने तो अगदी बरोबर भरला होता.