तिसऱ्या कडव्याचा राग

नेव्यो सुपेरिना रागावलेला नाही, असा दिवस रियेकात कुणी पाहिलेला नाही. डोंगरावरून 'बुरा' नावाचा गार वारा सुटला की तो वाऱ्यावर चिडतो आणि वारा पडला की, आता दमट होणार, म्हणून चिडतो. लोकांना गाडी शिकवणं हा त्याचा धंदा. ज्या शहरात सपाट रस्ता म्हणजे फक्त बंदराचा धक्का, तिथे शिकाऊ माणसाला ऐन चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडायला शिकवायचं, म्हणजे कुणीही संतापी होईल, असं त्याची बायको ओर्नेला पाहुण्यांना सांगते. मग हळूच जोडते की आमची ओळख झाली तेव्हा याला स्वतःलाच गाडी येत नव्हती, आणि तेव्हाही तो एवढाच संतापी होता.

पण हे सगळे किरकोळ राग. त्याचा अस्सल, राखून ठेवलेला राग गाण्यांसाठी आहे.

नेव्यो माणसागणिक प्लेलिस्ट करून देतो. मागितली नाही तरी देतो. गाडी शिकणारी एक नर्स चढाला घाबरते, तिच्यासाठी एक. दंतवैद्याचा घटस्फोट झाला, त्याच्यासाठी एक. त्याआधी तो नीट चौकशी करतो. दंतवैद्याला त्याने विचारलं होतं, "सोळाव्या वर्षी भिंतीवर कुणाचं पोस्टर होतं? खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही." मग महिनाभर तो रॉक आणि पॉपची गाणी खालीवर करत बसतो. सगळ्यात चांगलं गाणं पहिलं लावायचं नाही. संथ गाण्यानंतर एकदम धडधडतं गाणं आणायचं नाही, मध्ये एक पायरी ठेवायची. आणि क्रम मोडायचा नाही. फोनवर ते आडव्यातिडव्या बाणांचं बटण असतं ना, गाणी पिसायचं? ज्याने ते शोधून काढलं त्याला आपल्या हातून लायसन्स मिळालं नसतं, असं तो म्हणतो. त्या नर्सने गाणी पिसून ऐकल्याचं कबूल केलं, तेव्हा त्याने तिला गाडीतून उतरायला लावलं. मग आपण बोगद्यात उभे आहोत हे ध्यानात आल्यावर परत बसवलं.

हा छंद फोनच्या आधीपासूनचा. युगोस्लाव्हियाच्या दिवसांत, कॅसेटी होत्या तेव्हा, नेव्यो रेडिओसमोर बसून गाणी टेप करायचा. निवेदक गाणं संपायच्या आत बोलायला लागला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ओर्नेला तेव्हा सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायची. तिच्यासाठी त्याने एक कॅसेट केली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं त्याने रेडिओवर थेट चाललेल्या एका कार्यक्रमातून पकडलं. बँडचं नाव 'गंजका नांगर'. रियेकाचीच पोरं. त्याच शरद ऋतूत त्यांतल्या दोघांना सैन्यात बोलावणं आलं आणि बँड मोडला, रेकॉर्ड निघालीच नाही. गाण्यात एक पोरगा पोरीला सांगतो की जहाजं गंजून बुडाली तरी मी या धक्क्यावर तुझ्याजवळच राहीन. दुसरं कडवं संपलं आणि टेप संपली. टक.

नेव्योने ती तशीच दिली. ओर्नेलाच्या आईच्या स्वयंपाकघरात दोघं त्या गाण्यावर नाचले, टक झालं, आणि काय करावं ते न सुचून त्याने तिचा मुका घेतला. तेव्हापासून तो रिवाजच झाला. लग्नात भाड्याने आणलेल्या वाजंत्र्यांना गप्प बसवून कॅसेट लावली. लग्नाच्या दर वाढदिवसाला दोन कडवी, टक, मुका. दुसऱ्यांचे संसार कशावर उभे असतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, आपला या दोन कडव्यांवर उभा आहे, असं नेव्योचं प्रामाणिक मत होतं. ही कॅसेट हीच त्याच्या मते त्याची सगळ्यात उत्तम यादी. बाकीच्या सगळ्या तिच्यानंतर.

लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा कॅसेट पार ताणली गेली होती. गायकाला बोट लागल्यासारखं वाटायचं. मग त्यांच्या मुलीने, डोलोरेसने, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, क्रेशोने, आईबाबांना चकित करायचं ठरवलं. क्रेशो झाग्रेबचा. भला मुलगा, पण समुद्राच्या लोकांत मिसळायच्या हौसेने तो नेव्योला, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, 'बार्बा' म्हणायचा, आणि ते नेव्योला आवडत नव्हतं. "आधी नीट पोहायला शीक," तो म्हणायचा, "मग बार्बा म्हण."

जेवण बोच्याच्या, म्हणजे गोळे टाकायच्या खेळाच्या, क्लबात होतं, दुपारी. शुरलित्से, म्हणजे हाताने वळलेला पास्ता, आणि रस्सा वाढून झाला होता, माल्वाझिया वाइन फिरत होती. क्रेशो फोन घेऊन स्पीकरपाशी गेला.

"बार्बा, तुमचं गाणं! रेडिओवाल्यांनी तो जुना कार्यक्रम इंटरनेटवर टाकलाय, त्यात सापडलं. एकदम स्वच्छ!"

"माझ्या गाण्याला तू हात लावलास?" नेव्यो म्हणाला. पण तोवर गिटार सुरू झाली होती आणि ओर्नेला हात पुढे करून उभी होती. झाला तो तयार. स्वच्छ होतं खरं. सुरुवातीच्या टाळ्या, गर्दीतली शीळ, सगळं ऐकू येत होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. नेव्योने सवयीने डोळे मिटले आणि ओठ पुढे केले.

टक झालं नाही.

तिसरं कडवं सुरू झालं. त्यात तो धक्क्यावर जन्मभर थांबणारा पोरगा तिच्या मावसबहिणीला घेऊन समुद्रापलीकडे आन्कोनाला जाणाऱ्या बोटीत बसत होता. जाताना पोरीच्या बापाची सायकलही नेत होता.

टेबलांवरून हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, "नेव्यो, सायकल परत दे रे!"

"बंद कर! क्रेशो, बंद कर ते!"

"पण बार्बा, अजून गाणं बाकी आहे."

"काही बाकी नाही! ते गाणं तिथंच संपतं!"

"नाही हो, पुढे त्या सायकलची हवा जाते. मस्त आहे."

नेव्यो स्पीकरची वायर उपटायला निघाला. दोन पावलांवर थबकला. मागून आवाज येत होता. ओर्नेला जागीच डोलत तिसरं कडवं म्हणत होती. एक शब्द चुकत नव्हता. गायक मध्येच 'हेय' करतो, तिथे तिनेही 'हेय' केलं.

"तुला... येतं?"

"थांब रे, शेवटची ओळ राहिलीय," ती म्हणाली आणि ती ओळही म्हणून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नेव्यो दार आपटून बाहेर गेला. बोच्याच्या मैदानावर उन्हात उभा राहिला. ओर्नेला मागोमाग आली.

"कुठे ऐकलंस?"

"कुठे म्हणजे? त्या कार्यक्रमात. अख्खं गाव होतं तिथे."

"मी नव्हतो."

"तू कसा असशील? तू घरी बसून टेप करत होतास."

"म्हणजे मी कॅसेट दिली तेव्हा तुला सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि इतकी वर्षं टक झालं की गप्प!"

"तुला सांगणार होते पहिल्याच दिवशी. पण तू असा मुका घेतलास, की म्हटलं, जाऊ दे सायकल."

"दया केलीस माझ्यावर! अर्ध्या गाण्यावर नाचवलंस मला, गाढवासारखं! माझी सगळ्यात चांगली यादी ती!"

इथे ओर्नेलाचा चेहरा बदलला. ती क्वचित चिडते, त्यामुळे तिला त्याचा सराव नाही. चिडली की सगळं एकदमच बाहेर पडतं.

"तुझी यादी! बरोबर बोललास. त्या दंतवैद्याला तू पोस्टरं विचारलीस. नर्सला कॉफी पाजून पाजून विचारलंस. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या कुत्र्याला काय ऐकलं की झोप लागते, तेसुद्धा तुला ठाऊक! मला काय विचारलंस कधी?"

"तुला काय विचारायचं? तुला मी ओळखतो."

"काय ओळखतोस? सांग, काय आवडतं मला?"

"सॅक्सोफोन."

"सॅक्सोफोन ऐकला की माझे दात आंबतात, नेव्यो! दर यादीत सॅक्सोफोन! माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तू मला तासभर सॅक्सोफोन ऐकवलास आणि मी केक खाऊ शकले नाही!"

"मग आवडतं काय तुला?" नेव्यो इतक्या जोरात ओरडला की क्लबाच्या खिडक्यांतली सगळी डोकी एकदम मागे सरली.

"अशा आवाजात विचारलंस तर नाही सांगणार."

नेव्योला दुसरा आवाज शोधायला वेळ लागला. तो वापरात नसल्यामुळे कुठे ठेवलाय तेच आठवेना.

"काय आवडतं?" तो म्हणाला. यातही थोडी खरखर होती, पण ओर्नेलाने ती चालवून घेतली.

"दे इकडे तुझा फोन."

ती बाकावर बसून गाणी निवडत बोटं फिरवू लागली. नेव्यो मान लांब करून बघायला लागला, तर म्हणाली, "तिकडे तोंड कर." त्याने भिंतीकडे तोंड केलं. आत शुरलित्से गार होत होती आणि लोक तसेच बसून होते, कारण असं काही चाललेलं असताना जेवायचं कसं?

मग दोघं आत आली आणि तिने फोन स्पीकरला लावला. पहिलंच गाणं इटालियन निघालं, गुळचट, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रेडिओवर उन्हाळाभर वाजायचं तसलं. नेव्यो ते ऐकून आजवर तीनदा गल्ली बदलून गेला होता. ओर्नेलाने ते पहिलं लावलं होतं, म्हणजे तिला ते सगळ्यात जास्त आवडत होतं. त्याच्या मागे, मध्ये पायरीबियरी काही न ठेवता, धडाडा ढोल. त्याच्या मागे पुन्हा तोच इटालियन बुवा. नेव्योच्या कानशिलं लाल झाली. मध्यभागी ओर्नेला एकटीच नाचत होती, हात वर करून, कुणी मुका घेईल याची वाट न बघता. तिला असं नाचताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि यावरही त्याला राग आला, फक्त हा कुणावर काढावा ते कळेना.

चौथ्या गाण्यावर टेबलांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. क्रेशो स्पीकरपाशी सरकला. "बार्बा," तो कुजबुजला, "हे जरा... पुढचं लावू का?"

"हात लावू नकोस."

"पण हे फारच वाईट आहे हो."

"भयंकर आहे," नेव्यो म्हणाला आणि स्पीकरसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. "याच्या पुढचं याहून भयंकर असणार. हात लावलास तर बघ!"